तांबड्या मुखपृष्ठाची तबकडी

मंडळी, आज जरा वेगळाच विषय घेतला आहे. या वयात बाईंना इंग्रजी पॉप संगीताचं काय सुचलं, असं नात्यागोत्यातल्या लोकांना नक्की वाटणार! त्याला कारणीभूत आमची नात. तिने एक अल्बम ऐकवला आणि गाण्यांचे शब्द कागदावर छापून दिले (नुसतं ऐकून ते उच्चार मला कळणं शक्यच नव्हतं). मग माझी इतिहास शिकवायची जुनी खोड जागी झाली. ही गाणी कुणी केली, कुठे केली, पैसे कुणी घातले, हे शोधत बसले. जे सापडलं ते एका वर्गखोलीपर्यंत जाऊन पोचलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

अल्बमचं नाव 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'. बँडचं नाव 'बेल अँड सेबॅस्टियन', गाव स्कॉटलंडमधलं ग्लासगो, आणि प्रकाशन नोव्हेंबर १९९६. हा त्यांचा दुसरा अल्बम. बँडचं नाव घेतलंय सेसिल ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या गोष्टीवरून. सेबॅस्टियन हा मुलगा आणि बेल ही त्याची कुत्री. १९६५ साली फ्रेंच दूरदर्शनवर त्याची मालिकाही झाली होती.

आता 'इंडी पॉप' म्हणजे काय, ते आधी पाहू. इंडी हे 'इंडिपेंडंट'चं लाडकं रूप. आपल्याकडे रेकॉर्ड म्हटली की वर्षानुवर्षं एचएमव्हीचा कुत्रा डोळ्यांपुढे यायचा. ब्रिटनमध्येही बाजार चार-पाच बड्या कंपन्यांच्या हातात होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस काही तरुणांनी ठरवलं, की रेकॉर्ड आपणच काढायची आणि आपणच दुकानात पोचवायची. जानेवारी १९८० पासून अशा रेकॉर्डची खपाची वेगळी यादीही छापून येऊ लागली. त्या यादीत यायची अट गाण्याच्या चालीशी संबंधित नव्हती. रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली नसावी, एवढंच बघत. म्हणजे मुळात हा शब्द व्यवहाराचा. पुढे अशा छोट्या रेकॉर्डवर सापडणाऱ्या नाजूक, थोड्या लाजऱ्या गाण्यांनाच लोक इंडी पॉप म्हणू लागले.

यात ग्लासगोचं स्थान जुनं आहे. ॲलन हॉर्न नावाच्या तरुणाने तिथे 'पोस्टकार्ड' ही कंपनी काढली आणि १९८० साली 'ऑरेंज ज्यूस' या बँडची रेकॉर्ड आणली. कंपनी थोडीच वर्षं चालली, पण लंडनला न जाताही रेकॉर्ड निघते हे गावाला कळलं. १९८६ मध्ये 'एनएमई' या संगीत साप्ताहिकाने 'सी ८६' नावाची बावीस गाण्यांची कॅसेट काढली, तिच्यात ग्लासगोचे 'द पेस्टल्स' होते. दक्षिणेकडे ब्रिस्टलमध्ये 'सारा रेकॉर्ड्स' १९८७ ते १९९५ अशी चालली आणि ठरवून बंद केली गेली. बेल अँड सेबॅस्टियन आले ते यानंतर लगेच.

आता १९९६च्या उन्हाळ्याकडे या. ब्रिटनमध्ये 'ओएसिस' या बँडचा डंका वाजत होता. ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर त्यांचे दोन दिवस कार्यक्रम झाले, दोन्ही मिळून अडीच लाख माणसं! त्याच उन्हाळ्यात ग्लासगोच्या 'कावा' स्टुडिओत काही मुलं-मुली चेलो, व्हायोलिन, ट्रम्पेट आणि गिटार घेऊन अगदी हळू आवाजात ही दहा गाणी ध्वनिमुद्रित करत होती. ध्वनिमुद्रण टोनी डूगन यांनी केलं. सगळा अल्बम मिळून चाळीस-एक मिनिटांचा.

गाणी लिहिणारा आणि गाणारा मुख्य माणूस स्टुअर्ट मर्डॉक, जन्म १९६८चा. ग्लासगो विद्यापीठात असताना, १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो आजारी पडला. आजार एमई, म्हणजे ज्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम असंही म्हणतात. माणूस दिसायला धडधाकट, पण जरा श्रम झाले की दिवसचे दिवस अंथरुणावर. शिक्षण सुटलं, काम करणं अशक्य झालं. जवळजवळ सात वर्षं अशी गेली. त्या काळात ब्रिटिश वर्तमानपत्रं या आजाराला 'युपी फ्लू' म्हणून हिणवत, म्हणजे खात्यापित्या तरुणांची नाटकं! हालचाल वाढवत नेली की बरं वाटेल, असा सल्ला पुढे कितीतरी वर्षं दिला जायचा. इंग्लंडमधल्या 'नाइस' या सरकारी संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून ठराविक मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा तो उपाय काढून टाकला, तो २०२१ मध्ये. विचार करा, किती लोकांना तोवर 'मनावर घे, उठ' एवढंच ऐकायला मिळालं असेल.

त्या रिकाम्या वर्षांत मर्डॉक पियानोपाशी बसून गाणी लिहू लागला. थोडं बरं वाटायला लागल्यावर तो 'बीटबॉक्स' नावाच्या वर्गात जाऊ लागला. हा बेकार संगीतकारांसाठीचा प्रशिक्षण वर्ग होता. तिथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड भेटला, जो पुढे बँडमध्ये बास गिटार वाजवू लागला. (या स्टुअर्ट डेव्हिडने २०१५ मध्ये त्या दिवसांच्या आठवणींचं पुस्तकही लिहिलं आहे.)

आणि आता आमची वर्गखोली! ग्लासगोत स्टो कॉलेज होतं. तिथे संगीत व्यवसायाचा अभ्यासक्रम चालायचा आणि शिकवायला ॲलन रँकिन होते, जे स्वतः 'द असोसिएट्स' या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवलेले. विद्यार्थ्यांनी दर वर्षी एक खरी रेकॉर्ड काढायची, म्हणजे बँड निवडायचा, ध्वनिमुद्रण करवायचं, मुखपृष्ठ छापायचं, विकायचं. रेकॉर्ड कंपनीचं नाव 'इलेक्ट्रिक हनी'. एरवी एखाद-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघायची. मर्डॉककडे मात्र सात वर्षांची गाणी साठलेली. म्हणून १९९६ मध्ये कॉलेजने अख्खा अल्बमच काढला, 'टायगरमिल्क'. आठवड्याभराच्या आत ध्वनिमुद्रण झालं, जूनमध्ये फक्त एक हजार प्रती निघाल्या. पुढे त्यातली एकेक प्रत शेकडो पौंडांना विकली गेली, आणि १९९९ मध्ये अल्बम पुन्हा काढावा लागला.

पहिला अल्बम हा असा कॉलेजचा प्रकल्प होता. दुसरा त्यांचा स्वतःचा. लंडनच्या 'जीपस्टर' या नव्या, छोट्या कंपनीशी करार झाला तो त्यांच्या कलाने. मुलाखती फारशा द्यायच्या नाहीत, फोटोला सगळ्यांनी उभं राहायचं नाही, आणि अल्बममधलं गाणं वेगळं काढून जाहिरातीसाठी विकायचं नाही. या दहांपैकी एकही गाणं सुटी रेकॉर्ड म्हणून निघालं नाही. सुट्या रेकॉर्डसाठी १९९७ मध्ये त्यांनी वेगळी गाणी दिली. गिऱ्हाइकाला एकच माल दोनदा विकायचा नाही, हा हिशेब मला फार आवडला.

संगीताच्या धंद्यात म्हणे दुसऱ्या अल्बमची सगळ्यांना धास्ती असते. पहिल्यासाठी अख्खं आयुष्य मिळतं, दुसऱ्यासाठी सहा महिने. इथे दोन अल्बममध्ये जेमतेम पाच महिने आहेत, तरी दुसराच जास्त नावाजला गेला. शिदोरी आधीच बांधलेली होती ना!

गाण्यांबद्दल काय सांगू? मुखपृष्ठ सगळं तांबडं, त्यावर एक तरुणी आणि जवळ काफ्काच्या 'द ट्रायल'ची प्रत. पहिलंच गाणं शाळा-कॉलेजातल्या धावपटूंवर आहे, म्हणजे ज्यांना सगळे बघतात त्यांच्यावर, आणि लिहिणारा बाजूला उभा राहून बघतोय. शीर्षकगीताच्या मागे मुलांच्या खेळण्याचा गलका ऐकू येतो. मला एकदम मधली सुट्टी आठवली. गाणं मात्र जगण्याचा कंटाळा आलेल्या एका मुलाचं आणि एका मुलीचं. त्यांना पाद्रीबाबांकडे जा म्हणतात, पण त्यांच्याकडेही उत्तर नसतं. हे लिहिणारा मर्डॉक स्वतः चर्चच्या सभागृहावरच्या खोलीत राहत होता, तिथली देखभाल बघत होता आणि गायनवृंदात गात होता. म्हणून त्यात टवाळी नाही. घरच्या माणसाने घरात विचारलेला प्रश्न आहे तो.

'छोटं ते सुंदर' असं म्हणून मात्र थांबता येत नाही. अमेरिकेत हा अल्बम 'एन्क्लेव्ह' या कंपनीने काढला होता. तिच्या मागे ईएमआयचं भांडवल होतं. १९९७ मध्ये ती कंपनीच बंद पडली आणि पुढे 'मॅटाडोर' या स्वतंत्र कंपनीने अल्बम बाजारात ठेवला. म्हणजे बडा पाठीराखा गेला आणि छोट्याने सांभाळलं. पण छोट्यांचीही हमी नसते. ब्रिटनमधल्या छोट्या कंपन्यांचा मोठा आधार असलेली 'रफ ट्रेड'ची वितरण संस्था १९९१ मध्ये कोसळली, तेव्हा अनेकांचे पैसे बुडाले होते.

मर्डॉकच्या मते ही त्याची सर्वांत चांगली गाणी, पण ध्वनिमुद्रणावर तो समाधानी नव्हता. २५ सप्टेंबर २००५ला लंडनच्या बार्बिकन सभागृहात बँडने अख्खा अल्बम ओळीने वाजवला. तेरा दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, काश्मीरमध्ये भूकंप झाला. मुझफ्फराबाद उद्ध्वस्त झालं, आपल्याकडे उरी-तंगधार भागात माणसं गेली. बार्बिकनचं ध्वनिमुद्रण त्या डिसेंबरमध्ये विक्रीला आलं, ते भूकंपग्रस्तांच्या मदतनिधीसाठी.

आता मला जे म्हणायचंय ते. 'आजारपणाने याला कलावंत केलं' असं लोक सहज म्हणतात. मला ते पटत नाही. आजाराने त्याची सात वर्षं घेतली, बस्स. तसा आजार हजारोंना झाला, त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. फरक पडला तो पुढच्या दोन पायऱ्यांनी. बेकारांसाठीचा एक वर्ग, आणि त्यानंतर गावातलं एक साधं कॉलेज. या दोन्ही ठिकाणी 'मधली वर्षं कुठे होतास?' या प्रश्नापाशी कुणी त्याला अडवून ठेवलं नाही. आमच्या हजेरीपटावर सतत गैरहजर मुलाच्या नावापुढे तांबडी रेघ पडायची. रेघेपलीकडचं मूल कुठे जातं, हे पटात लिहायला रकाना नसतो. ग्लासगोत तो रकाना कुणीतरी आखून ठेवला होता, निदान काही जणांसाठी.

बँडचा ढोल सांभाळणारा रिचर्ड कोलबर्न स्टो कॉलेजच्या त्याच अभ्यासक्रमात होता. विद्यार्थी, शिक्षक आणि बाहेरचा उशिरा आलेला गवई, असे सगळे एका खोलीत आल्याशिवाय 'टायगरमिल्क' निघाला नसता, आणि तो नसता तर जीपस्टरवाल्यांनी या लोकांकडे पाहिलंही नसतं. स्टो कॉलेज २०१३ मध्ये इतर दोन कॉलेजांत विलीन होऊन 'ग्लासगो केल्विन कॉलेज' झालं. रँकिन २०२३ मध्ये वारले. मर्डॉकने २०२४ मध्ये 'नोबडीज एम्पायर' ही कादंबरी लिहिली, त्याच आजाराच्या वर्षांवर बेतलेली.

असो. कुणाला ऐकायचं असेल तर 'द फॉक्स इन द स्नो'पासून सुरुवात करा. बर्फात अन्न शोधत फिरणाऱ्या कोल्ह्याचं गाणं आहे, पियानो अगदी हळू, इंग्रजीही सोपं. आणि घरात कुणी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेलं असेल, तर 'आता उठ' म्हणण्याआधी एकदा जरूर ऐका.