चक्रीवादळ किनारा कोठे ओलांडणार? चेन्नईतील हवामानप्रेमींचे तर्क आणि वेस्ट मांबलमचा अनुभव

चेन्नई : ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले की चेन्नईत एकच प्रश्न विचारला जातो : ते किनारा कोठे ओलांडणार? शहरातील हौशी हवामान अभ्यासक निरनिराळ्या देशांच्या संगणकीय प्रारूपांचे नकाशे पडताळून नागपट्टिणम, पुदुच्चेरी, चेन्नई की नेल्लोर, असे तर्क मांडू लागतात. वेस्ट मांबलमसारख्या सखल वस्तीतील रहिवाशांसाठी हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. वाहन कोठे उभे करावे, तळमजल्यावरील सामान केव्हा वर न्यावे, घरातील वृद्धांना नातलगांकडे केव्हा पाठवावे, हे निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. गेल्या दशकातील घटना पाहिल्या, तर वादळ कोठे धडकते याइतकेच ते किती सावकाश सरकते हेही निर्णायक ठरल्याचे दिसते.

तलावाच्या जागी वस्ती

वेस्ट मांबलम हा भाग मांबलम रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस आहे, पूर्वेस त्यागरायनगर (टी. नगर) ही प्रसिद्ध बाजारपेठ आहे. या परिसरात पूर्वी ‘लाँग टँक’ नावाचा विस्तीर्ण तलाव होता. १९२०च्या दशकात त्यातील पाणी काढून त्यागरायनगर वसविण्यात आले. वेस्ट मांबलममधील ‘लेक व्ह्यू रोड’ या नावात त्या तलावाची आठवण टिकून आहे. रेल्वेमार्गाखालून जाणारे दुरैसामी आणि अरंगनाथन हे भुयारी मार्ग मुसळधार पावसात पाण्याखाली जातात आणि दोन्ही भागांतील वाहतूक खंडित होते.

१ डिसेंबर २०१५ रोजी कोणतेही चक्रीवादळ किनाऱ्यावर आले नव्हते. तरीही कमी दाबाच्या क्षेत्रामुळे तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९ सेंटीमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडण्यात आले, अड्यार नदी दुथडी भरून वाहिली आणि अशोकनगर, सैदापेट, वेस्ट मांबलम या भागांत पाणी शिरले. ‘वादळ’ हा शब्द नसला तरी संकट येऊ शकते, हा धडा शहराने त्या वेळी घेतला.

हवामानप्रेमींचे स्थान

चेन्नईला हवामान निरीक्षणाची जुनी परंपरा आहे. नुंगंबाक्कम येथील मद्रास वेधशाळा १७९२ मध्ये उभी राहिली. आज त्याच परिसरात भारतीय हवामानशास्त्र विभागाचे प्रादेशिक केंद्र आहे. या केंद्राचे माजी संचालक एस. आर. रमणन हे दूरचित्रवाणीवरील निवेदनांमुळे तमिळनाडूत घराघरांत पोहोचले होते. ते २०१६ मध्ये निवृत्त झाले. दुसरीकडे, ‘तमिळनाडू वेदरमन’ या नावाने ओळखले जाणारे प्रदीप जॉन यांच्यासारखे व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ नसलेले अभ्यासकही मोठ्या वाचकवर्गाचा विश्वास मिळवून आहेत. रडारवरील ढग कोणत्या उपनगराकडे सरकत आहेत, पुढील एक-दोन तासांत कोठे पाऊस पडेल, हे सोप्या भाषेत सांगणे ही या मंडळींची जमेची बाजू आहे. चार-पाच दिवस आधी वादळाचा मार्ग सांगताना मात्र त्यांनाही अधिकृत यंत्रणेइतक्याच अनिश्चिततेला सामोरे जावे लागते.

मार्ग का बदलतो?

चक्रीवादळ भोवतालच्या मोठ्या वायुप्रवाहांबरोबर वाहत जाते. उत्तरेकडील उच्च दाबाचा पट्टा बळकट असेल, तर वादळ पश्चिमेकडे तमिळनाडूच्या दिशेने ढकलले जाते. तो पट्टा दुबळा झाला किंवा पश्चिमी वाऱ्यांचा प्रभाव वाढला, तर ते उत्तरेकडे आंध्र प्रदेशाकडे वळते. दोन्ही प्रभाव तुल्यबळ झाले, तर वादळ समुद्रात किंवा किनाऱ्याजवळ रेंगाळते. कोरडी हवा मिसळणे आणि निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत तफावत असणे, यामुळे ते दुर्बलही होते.

यामुळेच युरोपीय, अमेरिकी आणि भारतीय प्रारूपांचे निष्कर्ष अनेकदा वेगळे असतात. भारतीय हवामानशास्त्र विभाग २००९ पासून मार्गाच्या रेषेभोवती ‘अनिश्चिततेचा शंकू’ दाखवितो. अलीकडच्या वर्षांत विभागाच्या २४ तास आधीच्या मार्ग-अंदाजातील सरासरी चूक सुमारे ७५ किलोमीटर, तर ७२ तास आधीच्या अंदाजातील चूक साधारण त्याच्या दुप्पट राहिली आहे. चेन्नई ते पुदुच्चेरी हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. म्हणजे तीन दिवस आधी या दोन शहरांपैकी एकाचे नाव ठामपणे घेणे शास्त्राला धरून होत नाही.

चार घटना, चार उत्तरे

‘वरदा’ चक्रीवादळ १२ डिसेंबर २०१६ रोजी थेट चेन्नईजवळ धडकले. सोसाट्याच्या वाऱ्याने हजारो झाडे उन्मळून पडली आणि वीजपुरवठा कोलमडला. येथे नकाशावरील रेषाच निर्णायक ठरली.

‘मिचाँग’ने ५ डिसेंबर २०२३ रोजी आंध्र प्रदेशातील बापटलाजवळ किनारा ओलांडला. मात्र त्यापूर्वी ते चेन्नईच्या किनाऱ्याला समांतर, अत्यंत मंद गतीने सरकले. ३ आणि ४ डिसेंबरच्या अतिवृष्टीने शहर जलमय झाले. ‘वादळ आंध्रला जाणार’ हा अंदाज खरा ठरला, पण त्यामुळे चेन्नईचा बचाव झाला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिदक्षतेचा लाल इशारा जारी झाल्यानंतर वेळचेरी येथील रहिवाशांनी आपली वाहने उड्डाणपुलावर नेऊन उभी केली. १७ ऑक्टोबरच्या पहाटे तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने चेन्नईजवळ किनारा ओलांडला. परंतु आदल्या दिवशी अपेक्षेइतका पाऊस झाला नाही.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ‘फेंगल’ पुदुच्चेरीजवळ धडकले. त्याचे चक्रीवादळात रूपांतर होणार की नाही, याविषयीचे अंदाज शेवटच्या दोन दिवसांत बदलले. किनाऱ्यावर आल्यानंतर ते जवळपास एकाच जागी थांबले आणि पुदुच्चेरीत २४ तासांत ४५ सेंटीमीटरहून अधिक पाऊस झाला.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या वेळी साऱ्या देशाचे लक्ष मुंबईकडे होते. वादळ अलिबागच्या दक्षिणेस श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. मुंबई बचावली, पण रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या.

अंदाज कसा वाचावा?

चक्रीवादळाचा अधिकृत इशारा देण्याचे काम भारतीय हवामानशास्त्र विभागाचे आहे. हा इशारा चार टप्प्यांत दिला जातो : सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी चक्रीवादळाचा इशारा आणि १२ तास आधी किनारा ओलांडल्यानंतरच्या स्थितीचा अंदाज. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार घबराट पसरविणारा खोटा इशारा देणे किंवा प्रसारित करणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास किंवा दंडास पात्र गुन्हा आहे.

हौशी अभ्यासकाचा अंदाज वाचताना काही गोष्टी तपासाव्यात. तो एकाच प्रारूपावर आधारलेला आहे की अनेक प्रारूपांच्या तुलनेवर? त्यात शक्यता सांगितली आहे की निश्चिती? नकाशा कोणत्या तारखेचा व वेळेचा आहे? आधीचा अंदाज चुकला असल्यास लेखकाने ते मान्य केले आहे का? जुना नकाशा नव्या वादळाच्या नावाने फिरणे ही नेहमीची अडचण आहे.

किनारा कोठे ओलांडला जाईल यासोबत वादळाची गती, पावसाचा पट्टा केंद्राच्या कोणत्या बाजूला आहे, जलाशयांतील पाणीसाठा आणि भरतीची वेळ हेही पाहणे आवश्यक आहे. वेस्ट मांबलममध्ये पाणी वादळाच्या केंद्राची वाट पाहत नाही; भुयारी मार्ग भरण्यास काही तासांचा मुसळधार पाऊस पुरेसा ठरतो. त्यामुळे नकाशावरील रेषा शहरापासून दूर गेली, तरी स्थानिक पावसाचा इशारा मागे घेतला जाईपर्यंत सज्जता कायम ठेवणे हिताचे ठरते.