दुसऱ्या मंगळवारची डागडुजी

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले, की मायक्रोसॉफ्ट विंडोजची महिनाभराची डागडुजी एकगठ्ठा खुली करते. तेव्हा पुण्या-मुंबईत रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे आपल्याकडच्या सिस्टिम ॲडमिनची धावपळ सुरू होते ती बुधवारी. हा वार ऑक्टोबर २००३ पासून ठरलेला आहे.

त्याआधी ठरलेलं असं काही नव्हतं. १९९५ साली विंडोज खोक्यातून विकत मिळे आणि संगणकात जी आवृत्ती एकदा बसली, ती बहुतेकांकडे संगणक भंगारात जाईपर्यंत टिके. विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’चं संकेतस्थळ आलं खरं, पण तिथं आपणहून जायचं कोणी? भारतात तर इंटरनेट म्हणजे डायल-अप. घरचा फोन अडकायचा आणि बिलाचा आकडा वाढायचा.

२००१ च्या जुलैत ‘कोड रेड’ आणि सप्टेंबरात ‘निमडा’ या वर्म्सनी जगभर धुमाकूळ घातला. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना लांबलचक पत्र लिहून बजावलं, की नव्या सोयींपेक्षा सुरक्षितता आधी. तरीही पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट २००३ च्या सुमारास, ‘ब्लास्टर’ आला. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा पॅच १६ जुलैलाच निघाला होता, पण असंख्य लोकांनी तो बसवलाच नव्हता. ब्लास्टरचा पुढचा डाव १६ ऑगस्टला अपडेटच्या संकेतस्थळावरच हल्ला चढवण्याचा होता. मात्र वर्म लिहिणाऱ्याने जो पत्ता घातला होता, तो मुख्य संकेतस्थळाकडे वळवणारा दुय्यम पत्ता निघाला. कंपनीने तो सरळ बंद करून टाकला.

मंगळवार ठरला तो यानंतर. विंडोज एक्सपीचा ‘सर्व्हिस पॅक २’ ऑगस्ट २००४ मध्ये आला आणि त्याने फायरवॉल आपणहून चालू केली. त्याची पूर्ण फाइल २६६ एमबीच्या आसपास होती. डायल-अपवर ती उतरवायची म्हणजे, लाइन एकदाही तुटली नाही तरी, दहा तास! त्यापेक्षा सीडी मिळवणं परवडे.

आपल्याकडे नेमकं काय बसलंय, हे पाहायला ‘रन’च्या चौकटीत ‘विनव्हर’ टाइप करतात. तिथला आकडा दुकानातल्या नावाशी जुळेलच असं नाही. विंडोज ७ आतून ६.१ आहे आणि विंडोज ११ चा आतला आकडा अजून १०.० वरच आहे. पॅच बसला की नाही, हे कळतं शेवटच्या बिल्ड क्रमांकावरून.

हा क्रमांक किती मोलाचा, ते १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ या वर्मने दाखवलं. त्याला अडवणारा पॅच १४ मार्चलाच निघाला होता. ब्रिटनच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि खापर फुटलं जुन्या एक्सपीवर. प्रत्यक्षात बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते, म्हणजे कंपनी ज्यासाठी अजून पॅच पुरवत होती अशा आवृत्तीचे.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. जहाजवाहतुकीतल्या मेर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्याच समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. या हल्ल्याचा उगम होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तो पसरला त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. नेमाने अपडेट घेणारेच आधी सापडले! शिवाय तो चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर पॅच लावलेल्या संगणकांतही शिरत होता. मेर्स्कला सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

बँकांच्या एटीएमचं गाडं मात्र निवांत होतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी कितीतरी यंत्रं त्यावरच नोटा मोजत होती. अखेर रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये टप्पे आखून दिले: सप्टेंबरपर्यंत एक चतुर्थांश यंत्रं, डिसेंबरपर्यंत निम्मी आणि सगळी जून २०१९ पर्यंत. तोवर सपोर्ट संपून पाच वर्षं उलटून गेलेली असणार होती.