विसरून गेलेली हिरो होंडा

मंडळी, वऱ्हाडातल्या माणसाला गाड्यांबद्दल बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत. पुण्यात म्हणा, बंगलोरला म्हणा, चार अमरावतीकर-अकोलेकर जमले की शेगावच्या कचोरीनंतरचा विषय ठरलेला - आरएक्स हंड्रेड! पन्नाशी ओलांडलेले काका लोक तर डोळे मिटून सांगतात, "काय पये बे ते गाडी!" (वऱ्हाडीत 'पळते'चं 'पयते' होतं, बाकीच्यांसाठी सांगून ठेवलं.) गंमत म्हणजे ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली, आणि माझ्या वयाची पोरं जन्मली ती त्याच सुमारास. म्हणजे आमच्या वाट्याला गाडी आलीच नाही, आली ती फक्त तिची आठवण.

आणि ही आठवण मला जरा लबाड वाटते. कारण वऱ्हाडाचं जगणं ज्या गाडीने बदललं ती आरएक्स नव्हतीच. पण ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सत्तरच्या दशकात मोटरसायकल म्हणजे तीनच नावं. मद्रासची बुलेट, म्हैसूरची येझदी आणि राजदूत. बुलेट पाटलाची नाहीतर फौजदाराची. येझदीची किक मारायची आणि तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा, नवख्याची त्यात हमखास फजिती. राजदूत मात्र कामाची गाडी. तीन गिअर, १७३ सीसी, मूळ नमुना पोलंडचा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे गावात शिरणारा दूधवाला आठवून बघा, त्याच्याखाली राजदूतच असायची. पंपावर पेट्रोलमध्ये मापाने ऑइल घालून घ्यायचं, प्लग काळा झाला की पॉलिश पेपरने घासायचा, आणि वर्षा-दोन वर्षांनी सायलेन्सर जाळून आतला कार्बन काढायचा. पुण्याची लूना १९७२ मध्ये आली. ती मास्तरीणबाईंची, नर्सबाईंची. आणि बजाजची स्कूटर हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची.

मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने दार किलकिलं केलं. दुचाकीसाठी परदेशी कंपनीशी हात मिळवा, पण इंजिन १०० सीसीच्या आत ठेवा. म्हणून तर त्या काळातल्या बहुतेक जपानी गाड्या 'हंड्रेड'च आहेत! १९८४ मध्ये इंड-सुझुकी एएक्स १००, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, आणि पाठोपाठ १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. ही शेवटची तर आपल्या औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूजची. दोन-तीन वर्षांत चार गाड्या, आणि आधीच्या सगळ्या एका दमात म्हाताऱ्या झाल्या.

या चारांतल्या तीन टू-स्ट्रोक होत्या आणि एकटी हिरो होंडा फोर-स्ट्रोक. माझ्या मते सगळी गोष्ट या फरकात आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळे तेवढ्याच आकारात टू-स्ट्रोक जास्त ताकद देतं. आरएक्सची अकरा हॉर्सपॉवर, सीडीची साधारण सात. शिवाय व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, चार पाने घेऊन बसलं की चौकातला मिस्त्रीसुद्धा अर्ध्या दिवसात हेड खोलून बोअर करायला पाठवणार. तोटा एवढाच की थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं आणि ऑइल जळून निळसर धूर होतो. म्हणजे वेग आहे, आवाज आहे, वास आहे... आठवण राहायला अजून काय लागतं?

त्यात वेळही कशी जमून आली बघा. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षी बडनेऱ्याचं आणि शेगावचं अशी दोन इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. गावोगावची पोरं खोली करून शहरात राहायला आली आणि पाठोपाठ दोन वर्षांत आरएक्स आली. राजकमल चौक ते बडनेरा हे दहाएक किलोमीटर म्हणजे धावपट्टीच! रविवारी परतवाडा, तिथून घाटाने चिखलदरा. ट्रिपल सीट बसूनही गाडी चढावर मान टाकत नसे. परत येताना मात्र टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक जवळपास नाहीच, सगळा भार पुढच्या-मागच्या ड्रम ब्रेकवर.

आता दुसरी बाजू. त्याच काळात मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेजवर 'शकुंतला' धावत होती, तीही १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर. पाऊणशे किलोमीटरला माणसाचा अख्खा दिवस मोडायचा. एसटी दिवसातून एक-दोनदा, तीही फाट्यापर्यंत. अशा गावात कापसाचा चुकारा झाल्यावर एखाद्या घरी सीडी १०० आली की काय व्हायचं? तापलेलं पोर रात्रीच तालुक्याच्या डॉक्टरकडे पोचायचं. बियाणं आणायला गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी. मास्तर बदलीच्या गावी न राहता रोज जाऊन-येऊन करायला लागले. लेक दिलेल्या गावी दिवाळीची वाट न बघता जाता यायला लागलं. जाहिरातीत लिटरला ८० किलोमीटर सांगायचे. शेतकऱ्याने त्यातले दहा-पंधरा मनातल्या मनात वजा केले तरी हिशोब जमत होता. आरएक्सचा तो कधीच जमला नसता. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि मग तर सीडीने सुरू केलेलं काम घरोघरी पोचलं.

त्या सीडीची जाहिरातही गाजली होती. मतलब असा, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आपण ते फारच मनावर घेतलं. खरंच विसरलो!

आमच्या धंद्यातही हेच चालतं म्हणा. रात्री दोनला कोसळणारा सर्व्हर सगळ्यांच्या लक्षात राहतो, त्याच्या गोष्टी पार्टीत रंगवून सांगितल्या जातात. दहा वर्षं न कुरकुरता चालणारा प्रोग्राम कुणी लिहिला, हे कुणालाच माहीत नसतं. जे आपल्याकडून काहीतरी मागतं तेच लक्षात राहतं. आरएक्स मागायची. हिरो होंडा कधी मागायची नाही.

आणि अजून एक. आठवणी सांगतो कोण? हँडल ज्याच्या हातात होतं तो. मागे एका बाजूला बसून, मांडीवर पोर आणि हातात पिशवी सांभाळत वीस-वीस किलोमीटर खड्डे खाल्लेल्या आईला, काकूला कुणी विचारलंय का, तुला कोणती गाडी आवडायची म्हणून? मी विचारत असतो. वेगाचं नाव कुणी काढत नाही. "सीट रुंद होती", "वेळेवर घरी येत होते", अशी उत्तरं येतात. ज्यांची स्वतःची लूना होती त्या मात्र वेगळ्याच खुलतात. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायच्या, पण कुणाला 'सोडून दे' म्हणावं लागत नव्हतं.

आरएक्सच्या गप्पाही शेवटपर्यंत ऐकल्या तर एका ठिकाणी थबकतात. कुणीतरी एक नाव घेतं आणि टेबल गप्प होतं. तेव्हा महामार्ग दोन पदरी होता, समोरून ट्रकांची रांग, टायर बारीक आणि डोक्यावर हेल्मेट नाही. बहुतेक प्रत्येक ग्रुपच्या फोटोत एक असा आहे जो पन्नाशीचा झालाच नाही. मग कुणीतरी घसा खाकरतो आणि कचोरी मागवतो. "काय पये बे" म्हणताना हा भाग आपण गाळतो, आणि तोच भाग पुढच्या पोरांनी ऐकायला हवा.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. आता तिथे कुठलीही गाडी पयते. नीट उभी केलेली आरएक्स हल्ली लाखाच्या पुढे मागतात, आणि घेणारे बहुतेक माझ्याच वयाचे. घेवोत बापडे, आवाज आहेच तसा. जुनी सीडी १०० मात्र भंगारात जाते, नाहीतर गोठ्याशेजारी पोत्याखाली उभी असते.

असो. यंदा दिवाळीला घरी जाल तेव्हा त्या पोत्याखाली काय आहे ते बघा, आणि आईला विचारा ती गाडी पहिल्यांदा कुठे घेऊन गेली होती. उत्तर आलं की मला कळवा.