कार्ल्याच्या दारावरचा वाढई

कार्ल्याला बहुतेक लोक एकवीरेच्या दर्शनाला येतात. मीही पहिल्यांदा तसाच आलो होतो. दर्शन घेतलं, शेजारच्या लेण्यात फोटो काढले आणि उतरलो. भिंतींवरची, खांबांवरची अक्षरं मला नक्षीच वाटली होती.

ती ब्राह्मी लिपी आहे, भाषा प्राकृत. पुढे त्या लेखांची भाषांतरं वाचली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा बौद्ध चैत्य, भारतातल्या कोरीव चैत्यांमध्ये सर्वांत मोठा. तो कोणी उभा केला, हे त्याच्याच अंगावर लिहिलेलं आहे.

शाळेत लेण्यांपुढे राजांची नावं पाठ केली होती. राजे इथेही आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक गाव दिलं. पुढे सातवाहनांनी नहपानाला हरवलं, पण ते गाव भिक्खूंकडेच ठेवलं. तो हुकूम ‘मामाल’च्या अमात्याला आहे. मामाल म्हणजे आपलं मावळ.

पण चैत्याचे खांब राजांनी दिलेले नाहीत. कित्येक खांबांवर धेनुकाकट गावच्या माणसांची नावं आहेत. त्यांत यवनही आहेत, नावं मात्र सिहधय, धंम अशी इथलीच. बाहेरचा सिंहस्तंभ एका महारठीचा. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, भूतपाल शेठ तर जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आपण पुरं केलं, असं अभिमानाने सांगतो.

मी अडकलो ते दाराशी. तिथे सिहदत नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान नोंदलंय. आणि आणखी एक नाव आहे: वेणुवासाचा मुलगा सामि, धंदा ‘वढकी’. दार त्याने केलं.

वढकी म्हणजे सुतार. आमच्या विदर्भात अजूनही वाढई म्हणतात.

दगडाच्या लेण्यात सुतार कशाला? मान वर केली की उत्तर मिळतं. छताला लाकडी फासळ्या आहेत, त्या काळच्या, अजून जागेवर. लाकडी इमारतीचा घाटच दगडात उतरवलाय. तो सुताराइतका कोणाला ठाऊक असणार?

माझे आजोबा वाढई. गावातली निम्मी दारं त्यांच्या हातची, पण पाट्या घरमालकांच्या. इथे पैसे देणाऱ्याबरोबर दार घडवणाऱ्याचंही नाव आहे.

दुसऱ्या खेपेला त्या अक्षरांचा फोटो बाबांना पाठवला, खाली अर्थ लिहून. तेही सुतारकामच करतात. संध्याकाळी उत्तर आलं : ‘मजुरी किती मिळाली, ते लिहिलंय का?’

ते लिहिलेलं नाही.