विष खाणारी माती

लोंकरीच्या कपड्यांत ठेवलेली डांबराची गोळी हळूहळू हवेंत उडून जाते, हें घरोघर ठाऊक आहे. परंतु गोळींतील नॅप्थलीन शेतांत मिसळल्यास त्याचें काय होतें? हा प्रश्न इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें सुटला. तेथील शेतकीचें प्रयोगस्थान जॉन बेनेट लॉज यांनीं १८४३ सालीं स्थापिलें.

फिनॉल, टोल्युइन, नॅप्थलीन हीं द्रव्यें दगडी कोळशाच्या डांबरांत सांपडतात. सहा कार्बन-अणूंचें वलय ही त्यांच्या कुळाची खूण. रसायनशास्त्रज्ञ या कुळास ‘सुगंधी’ म्हणतात. मग वास कसाहि असो! फिनॉल तर जंतूंचा काळ. लिस्टरनें १८६५ सालीं जखमांवर योजिलें तें हेंच.

१९०९ सालीं रॉथमस्टेडच्या रसेल व हचिन्सन यांनीं मातीस टोल्युइन दिलें. जंतु प्रथम घटले, पण पुढें पूर्वीपेक्षांहि पुष्कळ वाढले. जंतूंना खाणारे सूक्ष्म प्राणी मेले म्हणून असें झालें, असा त्यांचा तर्क. परंतु विषहि मातींतून नाहींसें होतें, याकडे हळूहळू लक्ष गेलें. एन. एन. सेनगुप्त यांनीं १९२१ सालीं फिनॉलविषयीं असाच अभ्यास प्रसिद्ध केला. अखेर १९२८ सालीं ग्रे व थॉर्नटन यांनीं फिनॉल, क्रेसॉल, नॅप्थलीन यांवर पोसणारे जंतु मातींतून वेगळे काढून दाखविले. त्याच वर्षीं टॅटर्सफील्ड यांनीं मातींतील नॅप्थलीनच्या विघटनाचा त्याच्या कीटकनाशक गुणावर होणारा परिणाम मांडला. किडीसाठीं घातलेलें औषध जंतूंची मेजवानी ठरत होतें. शेतकऱ्याचा पैसा मात्र व्यर्थ!

हें दृढ वलय जंतु फोडतात कसें? त्यांचीं विकरें वलयास प्राणवायु जोडून कॅटेकॉलसारखीं द्रव्यें बनवितात; मग वलय उघडतें, आणि तुकडे शरीराच्या नित्य ज्वलनांत जातात. वलय फोडतांना जोडला जाणारा प्राणवायु पाण्यांतला नसून थेट हवेंतला असतो, हें जपानच्या ओसामु हायाइशी यांनीं १९५५ सालीं जड प्राणवायूच्या साहाय्यानें सिद्ध केलें. म्हणूनच पाणी तुंबलेल्या जमिनींत हें काम फार मंदावतें, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें.

जी खोड कीटकनाशकास बाधली, तीच पुढें उपयोगी पडली. तेलानें वा डांबरानें नासलेली जमीन नांगरून, तीस हवा व खत देऊन, तेथल्याच जंतूंकडून साफ करवून घेतात. १८८९ मध्यें नव्हे, तर १९८९ मध्यें अलास्कांत तेलवाहू जहाज फुटलें, तेव्हां किनाऱ्यावर याचसाठीं खत टाकलें होतें. मात्र चार-पांच वलयें जोडलेलीं, अथवा क्लोरिननें लादलेलीं द्रव्यें जंतूंनाहि जड जातात. तीं मातींत दशकानुदशकें पडून राहतात.