पदवीस्तरीय संशोधन

पदवीच्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेला व निष्कर्षांसह मांडलेला मूळ अभ्यास. प्रयोगशाळेतील नेहमीच्या प्रात्यक्षिकाचे उत्तर ठरलेले असते. येथे ते मार्गदर्शकालाही आधी ठाऊक नसते.

पूर्वपीठिका : सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीचे शिक्षण घेत असताना, कॉम्प्टन प्रकीर्णनावरील त्यांचा निबंध केंब्रिजचे राल्फ फाउलर यांच्यामार्फत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात 1929 मध्ये प्रसिद्ध झाला. अशी उदाहरणे मात्र विरळा. संस्थेने स्वतः राबवलेली व्यापक योजना अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये मार्गारेट मॅक्‌व्हिकर यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये सुरू झाली.

महाराष्ट्रातील संधी : मानखुर्द (मुंबई) येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 मध्ये पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांच्या शिबिरांतून विद्यार्थी निवडले जातात. पुढे ते सुट्ट्यांमध्ये केंद्रात येऊन एकच प्रकल्प दीर्घकाळ चालवतात. हा सलगपणा हेच या उपक्रमाचे खरे बळ आहे. चार-सहा आठवड्यांत उपकरण हाताळणे जमते, पण चुकलेले मोजमाप ओळखून ते पुन्हा घेण्यास वेळ लागतो. पुण्यातील आयुका (खगोलशास्त्र केंद्र) व मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या उन्हाळी योजना, तसेच देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती याही उपयुक्त आहेत. ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपर्यंत या योजनांची माहिती वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे आहे.

मानव्यविद्या : क्षेत्रभेटींचे अहवाल व लघुप्रबंध हेच प्रचलित प्रकार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार चार वर्षांची पदवी उपलब्ध झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा निवडता येते.

निष्कर्षांची मांडणी : महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा राज्यपाल तथा कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकाराने 2006 मध्ये सुरू झाली. मानव्यविद्या व भाषा, वाणिज्य व विधी, मूलभूत विज्ञाने, कृषी, अभियांत्रिकी आणि वैद्यक व औषधनिर्माणशास्त्र अशा सहा गटांत भित्तिपत्रक व तोंडी सादरीकरण होते. परीक्षकांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते, हा मोठा लाभ. परंतु स्पर्धेतील पारितोषिक म्हणजे प्रकाशन नव्हे. मोजमापांच्या नोंदी आणि अहवाल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपले नाहीत, तर पुढच्या तुकडीला तेच काम पहिल्यापासून करावे लागते. नकारार्थी निष्कर्षांबाबत हे अधिकच खरे, कारण ते क्वचितच छापले जातात. पैसे घेऊन तपासणीविना छापणाऱ्या नियतकालिकांपासून विद्यार्थ्यांना दूर ठेवणे ही मार्गदर्शकाची जबाबदारी आहे.

लेखकांची नावे : गणितात सहसा आडनावांच्या वर्णानुक्रमाने; प्रायोगिक जीवशास्त्रात मुख्य काम करणाऱ्याचे प्रथम, मार्गदर्शकाचे शेवटी. अन्य शाखांत प्रथा भिन्न आहेत.