नांगर आणि गोष्ट

कारखानदाराला गोष्टी सांगण्याचें काय कारण, असा प्रश्न आपल्या सुशिक्षित वर्गांत पुष्कळदां विचारला जातो. माल चोख व भाव वाजवी असला म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येतें, अशी त्यामागील समजूत असते. महाराष्ट्रांतील उद्योगाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला. लांकडी नांगरापेक्षां तो खोल जाई. तथापि पहिले थोडेसे नांगर खपण्यासहि सुमारें दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची धास्ती होती. तिला केवळ अज्ञान म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्याचें वर्षाचें पोट एका हंगामावर अवलंबून, त्यानें नव्या अवजाराला बिचकावें हें साहजिकच होय. शिवाय ही धास्ती स्वतःच एक गोष्ट होती. फाळ किती इंच खोल जातो, हें सांगून ती मोडण्यासारखी नव्हती. अशा गोष्टीला उत्तर गोष्टीनेंच द्यावें लागतें : अमक्याच्या रानांत हा नांगर चालला, आणि तेथें पीक असें उभें राहिलें.

पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं तेथून शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक सुरू केलें. शंकरराव हे चित्रकलेचें शिक्षण घेतलेले गृहस्थ. कारखान्याची व मालाची माहिती लोकांस द्यावी, हा आरंभींचा हेतु. परंतु माणसांशीं बोलूं लागलेलें पत्र मालापुरतें राहत नाहीं. त्यांत लेख आले, कथा आल्या. कालांतरानें ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ एवढेंच नांव उरलें. १९३० सालीं ‘स्त्री’ मासिक निघालें, आणि ज्यांना नांगराशीं कर्तव्य नव्हतें, अशा घरांतूनहि किर्लोस्करांचें नांव आपलेपणानें घेतलें जाऊं लागलें.

आज कंपन्यांच्या सभांतून पडद्यावर आकडे दाखविणाऱ्या तरुणांस ‘गोष्ट सांगा’ असा उपदेश केला जातो. उपदेश खरा आहे. पण गोष्टीच्या बळावर वाईट मालहि खपतो, हें विसरतां कामा नये. नांगराची गोष्ट ऐकणाऱ्यास शेजारच्या बांधावर जाऊन ती पडताळून पाहतां येत होती. अशी सोय जिच्यांत नाहीं, ती गोष्ट सांगण्यापूर्वीं वक्त्यानें क्षणभर थांबावें. कारण ऐकणारा त्याच्या शब्दावर आपला हंगाम लावीत असतो.